कळवणाऱ्या काकू

लायब्ररीच्या नोटीस बोर्डाशी भांडणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेच्या लायब्ररीत शिरल्या शिरल्या उजव्या हाताला तो बोर्ड होता. हरवलेलं मांजर, गिटारचे क्लास, जुना सोफा फुकट घेऊन जा, असा सगळा बाजार त्याच्यावर भरलेला असायचा. त्याच्यासमोर साठी ओलांडलेली एक किडकिडीत बाई कमरेवर हात ठेवून उभी होती. केसांना तेल, कपाळावर टिकली, अंगात पुरुषी स्वेटर, पायात पांढरेफटक बूट. "बाप्पा बाप्पा! माझ्या कागदावर मांजर लावून गेले," असं ती चक्क मराठीत बोर्डाला सुनावत होती. मग तिने ते मांजर अलगद काढून चार बोटं डावीकडे लावलं, आपला कागद मोकळा केला, दोन पावलं मागे सरकली आणि गुडघ्यांत वाकून खालून वर पाहिलं.

मराठी कानावर पडलं म्हणून मी थांबले. तिने वळूनही न पाहता विचारलं, "वाचता येते का तिथून?"

"येतं की."

"मराठी आहेस? मग वाच. मोठ्याने वाच."

मी वाचलं. जवळच्या एका रेडिओ स्टेशनला जाहिरातींचं वेळापत्रक लावायला माणूस पाहिजे होता, पूर्णवेळ. माझं वर्क परमिट येऊन तीन महिने झाले होते आणि अजून एकाही ठिकाणाहून साधा नकारसुद्धा आला नव्हता. मी म्हटलं, "मला यातलं काही येत नाही."

"येत असेल तरच ये, असं कुठे लिहिलं आहे त्याच्यात? अर्ज कर, असं लिहिलं आहे."

मी अर्ज केला. मुलाखत झाली, नोकरी लागली, आणि त्या बाई आमच्याच ऑफिसच्या मॅनेजर आहेत हे मला पहिल्या दिवशी कळलं. मुलाखतीला मी आले तेव्हा त्यांनी ओळखसुद्धा दाखवली नव्हती. पुढे मी विचारलं तर म्हणाल्या, "ओळख दाखवली असती तर बाकीच्यांनी काय घोडं मारलं होतं?"

त्यांचं नाव इथे लिहीत नाही. ऑफिसात सगळेच त्यांना काकू म्हणायचे. स्टेशनचे मालक, वयाने त्यांच्यापेक्षा मोठे असलेले अमेरिकन गृहस्थ, तेही 'काकू'च म्हणायचे. तेच त्यांचं पाळण्यातलं नाव आहे अशी त्यांची समजूत होती आणि ती दूर करायची गरज कोणाला वाटली नाही.

स्टेशन म्हणजे हायवेला लागून एक बैठी विटांची इमारत, मागे दलदलीत उभे दोन टॉवर, शेजारी गाड्यांचे सायलेन्सर बदलून देणारं दुकान. सकाळी हिंदी गाणी, दुपारी गुजराती भजनं, संध्याकाळी स्पॅनिश, रविवारी पोलिश प्रार्थना. पूर्णवेळ माणसं आम्ही इनमीन नऊ. पण पाच किंवा त्याहून जास्त पूर्णवेळ माणसं असली, की रेडिओला परवाना देणाऱ्या सरकारी खात्याचा एक नियम लागू होतो. कोणाला नोकरीवर घ्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, पण जागा रिकामी आहे ही बातमी मात्र गावभर पोचवा. ओळखीपाळखीत गुपचूप भरू नका. ज्या संस्था 'आम्हाला कळवत जा' म्हणतील त्यांना न चुकता कळवा. आणि वर्षातून एकदा लिहून ठेवा, की कोणती जागा होती, कुठे कुठे कळवलं आणि मुलाखतीला आलेल्यांतलं कोण कुठून आलं. तो अहवाल वेबसाइटवर ठेवायचा. कोणीही उठावं आणि वाचावा.

बाकीच्या स्टेशनांत हा नियम म्हणजे एक कागद. आमच्याकडे तो काकूंच्या अंगात आलेला होता.

मी पुण्याची. पाट्या लावणं हा आमचा जन्मसिद्ध हक्क. पण आमच्या पाट्या माणसांनी येऊ नये म्हणून असतात, आणि काकू यावं म्हणून लावायच्या. त्यांना हे मी बोलून दाखवलं तेव्हा त्या इतक्या खूश झाल्या, की आठवडाभर जो भेटेल त्याला "ही पुण्याची आहे, पण सुधारून राहिली" असं सांगत होत्या.

एक जागा निघाली की काकूंचं लग्नघर सुरू व्हायचं. कम्युनिटी कॉलेज, निवृत्त सैनिकांचं ऑफिस, गुरुद्वारा, स्पॅनिश बोलणाऱ्यांचं चर्च, बायकांसाठीचा निवारा, अपंगांना कामं शोधून देणारी संस्था, नाणी टाकून कपडे धुवायचे दोन लॉन्ड्रोमॅट, तीन लायब्रऱ्या. ईमेल तर जायचीच, पण काकूंचा ईमेलवर विश्वास नव्हता. त्या फोन करायच्या. "हॅलो, आय ॲम कॉलिंग फ्रॉम रेडिओ. अगेन." पलीकडचा माणूस हसून म्हणायचा, "यस मॅम, लावलंय." तरी शनिवारी काकू आपली जुनी मळकट गाडी काढून, हायवेच्या उजव्या लेनमधून मागच्याचा जीव जाईल इतक्या हळू चालवत, प्रत्येक बोर्ड बघून यायच्या. पर्समध्ये स्टेपलर, चिकटपट्टी आणि टाचण्यांची डबी. नोटीस फार उंच लावलेली त्यांना चालत नसे. "चाकाच्या खुर्चीतून येणारा माणूस काय शिडी आणणार आहे?"

आणि त्यांचा तो प्रश्न. मुलाखतीला येणाऱ्या प्रत्येकाला त्या पाण्याचा ग्लास देताना विचारायच्या, "तुम्हाला कुठून कळलं?" ते त्यांचं कामच होतं, अहवालात लिहायला लागायचं. पण सवय जिभेला लागली ती लागलीच. पिझ्झा घेऊन आलेल्याला विचारायच्या, कुठून कळलं आमचं ऑफिस? माझ्याकडे हळदीकुंकवाला आल्या, माझ्या एका मैत्रिणीने नवीन सून दाखवली, तर काकूंनी कौतुकाने तिच्या गालाला हात लावून विचारलं, "मुलगी कुठून कळली?" मैत्रीण अजून मला त्यावरून बोलते.

हे खूळ आलं कुठून, ते मला डब्याच्या वेळेला कळलं. काकू नागपूरला सेवायोजन कार्यालयात कारकून होत्या. नोंदणी केलेल्या पोरापोरींना मुलाखतीची पत्रं पाठवणं हे त्यांचं काम. एकदा वरचे साहेब रजेवर होते, सहीवाचून पत्रं चार दिवस टेबलावर पडून राहिली. मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी एक मुलगा गोंदियाहून इस्त्रीचा शर्ट घालून ऑफिसात हजर. पत्र त्याला आदल्या संध्याकाळी मिळालं होतं, आणि त्याच्यावरची मुलाखतीची तारीखही तीच, आदल्या दिवसाची.

"ओरडला नाही गं तो," काकू म्हणाल्या. "मला म्हणे, मॅडम, पुढच्या वेळेस जरा लवकर कळवाल का? बस. एवढंच." मग त्यांनी भाकरीचा तुकडा ठेच्यात बुडवला. "त्याला ती नोकरी नसती मिळाली तरी चाललं असतं मला. पण कळवलं नाही म्हणजे आपणच नाही म्हटलं त्याला. त्याला न पाहता."

काकू त्रासदायक नव्हत्या असं मी म्हणणार नाही. एकदा ट्रान्समीटर बघणारा इंजिनिअर अचानक नोकरी सोडून गेला. मालकांचा एक भला पुतण्या होता, काम येणारा, उद्यापासून यायला तयार. काकूंनी मालकांना बसवून सांगितलं, की आधी दोन आठवडे सगळीकडे नोटीस, मग मुलाखती, त्यात पुतण्यानेही खुशाल यावं. मालक लालबुंद झाले. "काकू, स्टेशन बंद पडेल!" काकू म्हणाल्या, "पडलं तर पडलं. ते बंद पडलं हेही मी सगळ्यांना कळवीन." दोन आठवडे एक भाड्याचा इंजिनिअर रोज येऊन मशीन चालवून जायचा आणि मालक काकूंशी बोलायचे नाहीत.

त्याच सुमारास कम्युनिटी कॉलेजात नोकरी मेळावा होता. असल्या मेळाव्यांना जाणं, तरुणांना काम कसं चालतं ते समजावणं, हेही नियमात येतं. मी सोबत गेले. आमच्या टेबलाकडे दिवसभरात कुत्रं फिरकलं नाही; पोरं सगळी शेजारच्या सॉफ्टवेअर कंपनीच्या रांगेत. आला तो फक्त दारावरचा सिक्युरिटी गार्ड, फुकटचं पेन घ्यायला. डॅरिल त्याचं नाव. काकूंनी त्याला पेन दिलं आणि चाळीस मिनिटं धरून ठेवलं. तेवढ्यात कळलं की तो घरी जुने रेडिओ खोलतो, सैन्यात असताना वायरलेसवर होता, आणि असल्या नोकऱ्या आपल्यासारख्याला असतात हे त्याला ठाऊकच नव्हतं. डॅरिल मुलाखतीला आला. पुतण्याही आला. मालकांनी दोघांना ट्रान्समीटरसमोर उभं केलं आणि घेतलं डॅरिलला. आज तो मुख्य इंजिनिअर आहे. काकूंचा ठेचा खाऊन डोळ्यांतून पाणी काढत "वन मोअर" म्हणणारा आमच्याकडे तो एकटाच होता.

घरच्यांनाही सुटका नव्हती. त्यांच्या सख्ख्या बहिणीच्या मुलाची आयटीतली नोकरी गेली. आमच्याकडे वेबसाइट सांभाळायची जागा निघाली होती. बहिणीने फोन केला, तू तिथे असताना काय अडचण आहे? काकूंनी भाच्याला नोटीस पाठवली, जशी लॉन्ड्रोमॅटला पाठवली तशीच, त्याच दिवशी. भाच्याची मुलाखत झाली आणि नोकरी दुसऱ्या मुलीला मिळाली. बहिणीने दोन वर्षं फोन केला नाही. एकदा दिवाळीत काकूंनी चिवडा पाठवला तर डबा न उघडता परत आला. तो चिवडा आम्ही ऑफिसात खाल्ला. काकूंनी नाही खाल्ला.

हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलेलं. म्हणून पुढे मी जे केलं ते अजाणतेपणी केलं असं म्हणायची सोय मला नाही.

सहा वर्षांनी मी स्टेशन मॅनेजर झाले. सगळ्यात जास्त आनंद काकूंना. पहिल्या दिवशी माझ्या टेबलावर नियमांची फाइल ठेवून म्हणाल्या, "आता सही तुझी. मी फक्त लिहीन." तोपर्यंत मालकांचं वय झालं होतं आणि ते आठवड्यातून दोनदा येत.

त्या वर्षी पार्सिपनीच्या मराठी मंडळाचा गणपती होता. आम्ही बायका हॉलच्या स्वयंपाकघरात मोदकांच्या पाऱ्या करत बसलो होतो. शेजारी अदिती, मंडळातलीच, गोड मुलगी. तिच्या नवऱ्याची नोकरी गेली होती, लेक चार वर्षांची. अदितीचं वर्क परमिट हातात होतं पण तिला कोणी दारात उभं करत नव्हतं. पारी करता करता तिचे डोळे भरले आणि ते पुसायला हात मोकळा नाही, पिठाचे. मी माझ्या पदराने पुसले. आणि बोलून गेले, "आमच्याकडे पुढच्या महिन्यात एक जागा होतेय. माझी जुनीच, जाहिरातींच्या वेळापत्रकाची. तुझीच समज."

मंडळात आम्ही असंच वागतो. कोणाच्या मुलाला राहायला खोली, कोणाला विमानतळावरून आणायला गाडी, कोणाला नोकरी. आपल्या माणसाचं अडलं तर धावून जायचं, हा आमचा सगळ्यात चांगला गुण. मला त्या दिवशी मोदक खाताना स्वतःचं फार कौतुक वाटलं.

सोमवारी काकूंना सांगितलं, जागा निघाली आहे, नोटीस काढा. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. नेहमी बघायच्या तसंच असेल, पण माझंच मन खात होतं.

"रिकामी आहे ना? आत कोणाला बसवून नाही ना ठेवलं?"

"छे हो काकू."

तीन शब्द. मालकांना तोंडावर नाही म्हणणारी ती बाई, पण माझ्या शब्दावर उठली आणि कामाला लागली. पुन्हा सगळे फोन, सगळे बोर्ड, शनिवारची फेरी. सात जण मुलाखतीला आले. अदिती धरून सात.

त्यांतली एक ग्लोरिया. स्पॅनिश चर्चच्या तळघरातल्या बोर्डवर तिने नोटीस वाचली होती. दोन बस बदलून आली होती, पाऊण तास आधी. वहीत तिने आमच्या स्टेशनचं आठवडाभराचं वेळापत्रक लिहून काढलं होतं, रेडिओ ऐकून, हाताने. एकाच धंद्यातल्या दोन जाहिराती पाठोपाठ लागतात अशा तीन जागा तिने लाल पेनने दाखवल्या. बरोबर होत्या. मी सहा वर्षं ते काम केलं होतं आणि त्यातली एक माझ्याही लक्षात आली नव्हती. अदितीपेक्षा ती सरस होती का? होती. हे मी तेव्हाही ओळखलं होतं. दहा मिनिटांत मी मुलाखत गुंडाळली, "आम्ही कळवू" म्हटलं आणि तिच्याशी हात मिळवला. ती जाताना वही ठेवून जाऊ का म्हणून विचारत होती. मी नको म्हटलं.

अदिती रुजू झाली. पहिल्याच आठवड्यात काकू अहवालासाठी तिच्याकडे गेल्या, आणि ती बिचारी निरागस, खरं तेच बोलली. "मला ताईने सांगितलं ना, गणपतीतच! मोदक करताना. तुझीच समज म्हणाली."

काकू माझ्या केबिनमध्ये आल्या आणि दार लावलं. त्यांनी दार लावलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

"मी नोटीस काढली तेव्हा जागा भरली होती?"

मी टेबलावरचे कागद सारखे करायला लागले.

"मी तुला विचारलं होतं."

"काकू, त्यांच्या घरात कमावणारं कोणी नव्हतं हो. लहान मुलगी आहे. मी वाईट केलं का?"

"तिचं चांगलं केलं. त्याच्यात काही वादच नाही. बाकीच्या सहांचं काय केलं, ते सांग."

"नोकरी एकच होती ना. त्यांतल्या पाचांना तशीही मिळाली नसती."

"हरले असते तर हरले असते. तू त्यांना खेळायलाच घेतलं नाही, आणि वरून खेळलो असं वाटू दिलं. आणि त्यांना बोलावलं कोणी? मी. घरोघर जाऊन." त्यांचा आवाज चढला नव्हता. मला तो चढायला हवा होता, म्हणजे मला चिडता आलं असतं. "मी अहवालात आहे तसं लिहीन. जागा नोटिसीच्या आधी भरली होती. चूक झाली, पुन्हा होणार नाही. एवढं लिहिलं की संपलं."

आज वाटतं, खरंच तेवढ्यावर संपलं असतं. फार तर ताकीद आली असती. पण स्टेशनच्या परवान्याचं नूतनीकरण तोंडावर आलं होतं, आणि अहवाल वेबसाइटवर कोणीही वाचणार. माझं नाव, माझी सही. मालकांनी काकूंचा मसुदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "इट्स युअर डिपार्टमेंट. फिक्स इट." त्यांनी खोटं लिही म्हटलं नाही, खरं लिही असंही म्हटलं नाही.

मी काकूंना तीनदा विनवलं. चौथ्यांदा विनवलं नाही. अहवाल मी स्वतः लिहिला. अदितीला नोकरी कुठून कळली, या रकान्यात 'वेबसाइट' असं टाकलं आणि सही केली. मग हे काम इथून पुढे बाहेरच्या एका वकिलाच्या ऑफिसला द्यायचं असा प्रस्ताव मीच मालकांपुढे ठेवला. काकूंना सांगताना मी म्हणाले, "तुम्ही आता किती दगदग करणार? आराम करा." अशी वाक्यं आपल्याकडे किती मायेने बोलता येतात!

त्यांच्यासाठी केक आणला. डॅरिल कोपऱ्यात तोंड फिरवून उभा होता. केक कापून झाल्यावर काकूंनी सगळ्यांसमोर, अगदी साध्या आवाजात मला विचारलं, "माझ्या जागेची नोटीस कधी काढणार?"

"ती जागा भरत नाही आहोत काकू. काम बाहेर दिलंय."

"असं होय," त्या म्हणाल्या, आणि प्लेट घेऊन खुर्चीवर बसल्या. त्यांनी केक पूर्ण खाल्ला. कोणाला वाईट वाटू नये म्हणून खाल्ला, हे मला दिसत होतं.

पुढे काहीच झालं नाही. मला तेच सांगायचं आहे. चौकशी झाली नाही, दंड झाला नाही, परवाना नवा होऊन आला. दीड वर्षाने अदितीच्या नवऱ्याला पार वॉशिंग्टन राज्यात, बॉथेलला नोकरी लागली आणि ते तिकडे गेले. ती अजून मला दर गणपतीत मेसेज करते, ताई, तुझ्यामुळे तरलो. तेही खरं आहे.

काकू आपल्या मुलाकडे नॉर्थ कॅरोलायनाला राहायला गेल्या. जाताना भेटायला आल्या नाहीत, मीही गेले नाही. फोन करायचा असं मी दर दिवाळीला ठरवायचे. फोन लावायचा म्हणजे बोलायचं, आणि बोलायचं म्हणजे त्या पहिल्या वाक्यापाशी यायचं. ते वाक्य मला कधी जुळवता आलं नाही. गेल्या फेब्रुवारीत मंडळाच्या ग्रुपवर बातमी आली. झोपेतच गेल्या. ग्रुपवर चाळीस जणांनी हात जोडलेले टाकले. मीही टाकले आणि फोन पालथा ठेवून दिला. नवऱ्याने विचारलं कोण गेलं, तर मी म्हटलं, ऑफिसातल्या एक काकू होत्या.

मे महिन्यात मी रक्तदाबाच्या गोळ्या आणायला फार्मसीत गेले. नेहमीच्या ठिकाणी गर्दी होती म्हणून दुसरीकडे गेले. काउंटरवर पांढऱ्या कोटातली बाई माझं नाव वाचून माझ्याकडे बघतच राहिली. "तुम्ही रेडिओवाल्या ना?" ती इंग्रजीत म्हणाली. "मी ग्लोरिया. तुमच्याकडे मुलाखतीला आले होते."

मी तिला ओळखलं होतं. ओळखलं नाही असं दाखवायचा विचार मनात येऊन गेला, हेही लिहून टाकते.

"तुमच्या त्या म्हाताऱ्या बाईंनी मला नंतर घरून फोन केला होता," ती म्हणाली. "सॉरी म्हणाल्या. म्हणाल्या, जागा आधीच गेली होती, मी नीट तपासलं नाही, माझी चूक झाली, तुझ्यात काही कमी नव्हतं. मला कोणी असं सांगितलं नव्हतं कधी. मी तर घरी येऊन आठवडाभर वही उघडून बघत होते, माझं काय चुकलं म्हणून. त्यांनी सहाही जणांना फोन केला म्हणे." मग ती हसली. "आणि मग थांबल्याच नाहीत! दर महिन्याला फोन. अमुक ठिकाणी जागा आहे, तमुक ठिकाणी आहे. या फार्मसीतल्या कामाच्या ट्रेनिंगची जागासुद्धा त्यांनीच सांगितली. तिकडे दूर राहायला गेल्यावरही करायच्या. आता थंडीपासून आला नाही. कशा आहेत त्या?"

मी सांगितलं.

तिने काउंटरवर दोन्ही हात टेकले. "मला कोणी कळवलं नाही," ती म्हणाली.

माझ्या मागे रांग होती. मी म्हटलं, "ग्लोरिया, ती चूक त्यांची नव्हती. त्यांनी मला विचारलं होतं आणि मी खोटं सांगितलं. जागा मी आधीच देऊन टाकली होती. तुझी मुलाखत मी नुसती उरकली. तू सगळ्यांत चांगली होतीस."

मला वाटलं होतं, ती चिडेल. किंवा जाऊ द्या म्हणेल. दोन्हींसाठी मी तयार होते. तिने माझ्या गोळ्यांची पिशवी उचलली.

"चूक त्यांची नव्हती, हे त्यांना सांगितलं होतं तुम्ही?"

"नाही," मी म्हटलं.

तिने गोळ्यांची पिशवी माझ्याकडे सरकवली आणि माझ्या मागच्या माणसाला पुढे बोलावलं.